पुन्हा पुन्हा चोंदणारे इंकजेट प्रिंटरचे हेड : हेडपेक्षा आधी कॅप तपासा

सोलापुरात एप्रिल लागला की घरगुती इंकजेट प्रिंटरची एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून ऐकू येते. छापलेल्या पानावर आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात, काळ्या अक्षरांचा काही भाग गायब होतो, अथवा एखादा रंग मुळीच उमटत नाही. प्रिंटरमधील हेड क्लीनिंगची सोय वापरून हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, साफ केले की काही दिवस छपाई सुधारते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. दुकानदार ‘हेड चोक झाले आहे’ असे सांगतो आणि ते खरेही असते. परंतु ते का चोक झाले याचा शोध न घेता केवळ हेड साफ करत राहिल्यास तक्रार परत येणारच. माझ्या पाहण्यातील बहुतेक घरगुती प्रिंटरांमध्ये मूळ दोष हेडमध्ये नव्हता. काम नसताना हेड ज्या रबरी कॅपवर विसावते, त्या कॅपमध्ये तो होता. म्हणून येथे हेड साफ करण्याइतकीच, किंबहुना थोडी अधिक, जागा कॅपला दिली आहे.

शाई वाळते कुठे आणि का

इंकजेट हेडच्या तळाशी असलेली छिद्रे, म्हणजे नोझल, साधारण २० मायक्रॉनच्या आसपास व्यासाची असतात. माणसाचा केस त्याहून तिपटीने तरी जाड असतो. शाईमध्ये मुख्यत्वे पाणी, रंगद्रव्य आणि शाई लवकर वाळू नये म्हणून घातलेले ग्लायकॉलसारखे घटक असतात. नोझलच्या तोंडाशी असलेल्या शाईतील पाणी उडून गेले की मागे पाकासारखा घट्ट चिकट थर उरतो आणि पुढचा थेंब बाहेर पडू शकत नाही. शाई डाय प्रकारची, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेली, असेल तर हा थर पाण्यात पुन्हा विरघळतो. पिगमेंट शाईत मात्र रंगाचे घन कण असतात. ते एकदा वाळून एकमेकांना धरून बसले की केवळ पाण्याने सहजासहजी सुटत नाहीत. कॅननच्या जी-मालिकेत काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाया डाय अशी रचना असते, त्यामुळे तेथे रंग ठीक आणि काळा गायब, असे चित्र अनेकदा दिसते.

हे वाळणे रोखण्यासाठीच कॅपिंग युनिट असते. छपाई संपली की हेड बहुधा उजव्या टोकाला जाते आणि रबरी कडा असलेली एक छोटी वाटी खालून वर येऊन नोझलवर घट्ट बसते. वाटीतील फोम ओलसर असतो, त्यामुळे आतली हवा दमट राहते. त्याच वाटीच्या तळातून निघालेली नळी पंपाला जोडलेली असते. हेड क्लीनिंगच्या वेळी पंप याच वाटीतून शाई खाली ओढतो. म्हणजे रबरी कडेवर धूळ, केस किंवा वाळलेली शाई बसली, तर दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. हेड उघडे पडल्यासारखे वाळू लागते, आणि पंपाला शाईऐवजी बाजूची हवा ओढता येत असल्याने क्लीनिंगही निष्फळ ठरते. क्लीनिंगनंतर छपाई सुधारण्याऐवजी अधिक बिघडली, तर पहिला संशय याच कडेवर घ्यावा.

सोलापूरची हवा या कॅपची रोजच परीक्षा घेते. एपसनच्या घरगुती टँक प्रिंटरांसाठी (ज्यांच्या टाकीत बाटलीने शाई भरतात) कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रतेची २० ते ८० टक्के आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत दुपारी ३५ अंशांची मर्यादा नक्कीच ओलांडली जाते. शहराच्या पूर्व भागात जेथे घरात किंवा शेजारीच यंत्रमाग चालतात, तेथे सुताचे बारीक तंतू हवेत सतत तरंगत असतात. ते प्रिंटरमध्ये शिरून कॅपच्या कडेवर आणि हेड पुसणाऱ्या रबरी वायपरवर बसतात. वायपर मग हेड पुसताना शाईत भिजलेला तंतू हेडच्या तळावरून ओढत नेतो. चादरी-टॉवेलच्या व्यवसायातील घरांमध्ये बिले छापण्यासाठी ठेवलेले प्रिंटर मी उघडून पाहिले आहेत. त्यांतील वायपरवर अक्षरशः नमद्यासारखा काळा थर असतो.

तिसरे कारण विजेचे आहे. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड मध्येच थांबते, उघडेच. वीज परत आल्यावर प्रिंटर चालू केला नाही, तर ते रात्रभर तसेच राहते. काही घरांत तर काम झाले की थेट भिंतीवरील बटण बंद करण्याची सवय असते. हेड जागेवर जाण्याआधीच वीज तोडली गेली, तर परिणाम तोच होतो.

आधी नोझल चेक, मग उपाय

कोणताही द्रव हातात घेण्यापूर्वी नोझल चेकचे पान, म्हणजे प्रत्येक नोझल चालते का हे बारीक रेघांतून दाखवणारे प्रिंटरचे चाचणीपान, छापावे आणि ते जपून ठेवावे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीनंतरचे पान त्याच्याशी ताडून पाहायचे आहे. दोन लागोपाठच्या पानांत रेघ नेमकी त्याच जागी तुटत असेल, तर तेथील नोझल चोंदले आहेत. तुटण्याची जागा प्रत्येक पानात बदलत असेल, तर शाईच्या मार्गात हवा आहे. एखादा रंग संपूर्ण गायब असेल, तर एका रंगाची सर्व छिद्रे एकदम चोंदणे तसे दुर्मीळ असल्याने आधी टाकीतील शाई, नळीतील हवा आणि कॅप या गोष्टी पाहाव्यात. एपसनच्या एल ३११० सारख्या प्रिंटरमध्ये काळ्या रंगासाठी १८० आणि प्रत्येक रंगासाठी ५९ नोझल असतात. काळ्याचे दोन-तीन बंद असले तरी साध्या मजकुरात ते डोळ्यांना जाणवत नाही, पण रंगाचे तेवढेच बंद पडले तर फोटोवर पट्टे दिसतात. तेव्हा केवळ अर्ज, गुणपत्रके आणि बिले छापणाऱ्याने शंभर टक्के रेघा मिळवण्याच्या हट्टापायी लिटरभर शाई वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या पडद्यावर गडद निळा रंग लावून त्या उजेडात पान धरले, तर पिवळी शाई काळसर दिसते आणि तुटलेल्या रेघा चटकन लक्षात येतात.

नोझल चेकनंतर प्रिंटरमधील नेहमीचे हेड क्लीनिंग करावे, पण लागोपाठ तीनपेक्षा अधिक वेळा नाही. एपसनच्या सूचनांप्रमाणे तिसऱ्या वेळेनंतरही सुधारणा नसेल, तर किमान १२ तास प्रिंटर न वापरता ठेवून पुन्हा नोझल चेक घ्यायचा असतो. या थांबण्याला अर्थ आहे. तेवढ्या वेळात नळीतील बारीक बुडबुडे वर सरकतात आणि वाळलेला थर ताज्या शाईने मऊ होतो. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, तिची मोजणी प्रिंटर स्वतः ठेवतो, आणि ती मर्यादा भरली की चांगला चालणारा प्रिंटरही सर्व्हिस मागत बंद पडतो. म्हणून अधीरतेने पंधरा-वीस वेळा बटण दाबणे हे हेडपेक्षा पॅडचे अधिक नुकसान करते.

कार्ट्रिजमध्येच हेड असेल तर

एचपी आणि कॅननच्या छोट्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरांत हेड कार्ट्रिजच्या तळाशीच असते, आणि हे काम सोपे असते. कार्ट्रिज काढावे, तीन-चार घड्या केलेला, तंतू न सुटणारा टिश्यू कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून बशीत ठेवावा आणि कार्ट्रिजचा नोझलचा भाग त्यावर मिनिटभर हलकेच टेकवून धरावा. घासू नये. नंतर कोरड्या टिश्यूवर टेकवल्यास रंगीत कार्ट्रिजमधून तीन रंगांचे तीन वेगळे, सलग पट्टे उमटले पाहिजेत. तांब्याच्या संपर्कपट्ट्या ओल्या होऊ देऊ नयेत. झाल्यास पूर्ण वाळेपर्यंत कार्ट्रिज बसवू नये. ही हेड शाई तापवून तिच्या वाफेच्या बुडबुड्याने थेंब फेकतात, त्यामुळे शाई संपल्यावरही छपाई चालू ठेवल्यास आतील हीटर जळतात. तसे झाले असेल तर भिजवून काहीही होणार नाही. नवे कार्ट्रिज घ्यावे.

टँकवाले प्रिंटर

आता घराघरांत असलेले टँकवाले प्रिंटर. कॅननच्या जी-मालिकेत हेड वेगळे काढता येते आणि ते स्वतंत्र विकतही मिळते. एपसनच्या एल-मालिकेत मात्र हेड गाडीतच, म्हणजे त्याला डावी-उजवीकडे नेणाऱ्या भागातच, पक्के बसवलेले असते आणि ते घरी काढण्याच्या फंदात पडू नये. पुढील पद्धत मुख्यत्वे अशा न काढता येणाऱ्या हेडसाठी आहे.

आधी टाकीत शाई किमान एक तृतीयांश आहे याची खात्री करावी. खालच्या खुणेच्या खाली शाई गेलेली असताना छपाई केली असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली असते आणि झाकण उघडून पाहिल्यास नळीत शाईचे तुकडे व मधल्या मोकळ्या जागा दिसतात. अशा वेळी हेड भिजवणे व्यर्थ आहे. टाकी भरून, १२ तास थांबून, संगणकावरील प्रिंटरच्या देखभालीच्या मेन्यूतून पॉवर क्लीनिंग करावे. त्यात नेहमीपेक्षा बरीच जास्त शाई ओढली जाते, म्हणून ते वारंवार करू नये. एल-मालिकेतील काही जुन्या मॉडेलमध्ये बाजूला वाहतुकीच्या वेळी शाई बंद करण्याची एक खिट्टी असते. घर बदलताना ती फिरवली जाते आणि मग विसरली जाते; शाई येत नाही म्हणून दुरुस्तीला नेलेल्या एखाद्या प्रिंटरचा आजार एवढाच निघतो.

हवा नाही असे दिसले की कॅपकडे वळावे. एखादे पान कॉपी करण्यास लावावे आणि हेड कॅपवरून सुटून मध्यभागी आले की प्लग काढावा. आता गाडी हाताने सहज सरकते. ती डावीकडे न्यावी. गाडी उजव्या टोकाला अडकलेली असेल तर जोर लावू नये, पुन्हा प्लग लावून हीच कृती करावी. गाडीमागची लांब पारदर्शक पट्टी आणि पांढरी चपटी केबल यांना बोट किंवा शाई लागू देऊ नये. त्या पट्टीवरील सूक्ष्म रेघा वाचूनच प्रिंटरला हेड कोठे आहे ते कळते, आणि तीवर डाग पडला तर नवाच बिघाड दारात उभा राहतो.

टॉर्चच्या उजेडात कॅपची रबरी कडा चारही बाजूंनी पाहावी. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कानाच्या काडीने, कापूस सुटत नाही ना हे पाहत, कडेवरून हलक्या हाताने फिरवावी. कडेला चिकटलेला तंतू चिमट्याने उचलावा. कडा दुमडलेली किंवा चिरलेली असेल तर साफसफाईने भागणार नाही. अनेक प्रचलित मॉडेलची कॅप असेंब्ली सुटी मिळते आणि ती हेडच्या तुलनेत अगदीच स्वस्त असते. कॅपशेजारचा वायपरही याच वेळी दोन्ही बाजूंनी पुसून घ्यावा.

त्यानंतर ड्रॉपरने कॅपमध्ये डिस्टिल्ड पाण्याचे थेंब सोडून ती काठोकाठ भरावी, प्लग लावावा आणि एक हेड क्लीनिंग करावे. मग पुन्हा पूर्वीप्रमाणे गाडी बाजूला घेऊन पाहावे. पाणी खाली ओढले गेले असेल तर पंप आणि नळी ठीक आहेत. पाणी तसेच उभे असेल, तर नळीत शाई वाळली आहे किंवा पंप थकला आहे, आणि आजवर केलेल्या साऱ्या क्लीनिंगचा हेडला काहीच उपयोग झालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. जुळे सोलापूरमधील एका शिकवणी वर्गाच्या प्रिंटरमध्ये दर सोमवारी काळा रंग तुटत असे. रविवारी प्रिंटर बंद, सोमवारी सकाळी क्लीनिंग, असा क्रम महिनोन्‌महिने चालला होता आणि हेड बदलण्याचा सल्लाही मिळाला होता. कॅपच्या मागच्या कडेवर आडवा पडलेला एक केस काढल्यावर सोमवारची तक्रार थांबली. हेड तेच राहिले.

कॅप निर्दोष असूनही त्याच जागी रेघा तुटत असतील, तर मात्र हेड भिजवावे. कॅपमध्ये पाण्याऐवजी हेड क्लीनिंगचा तयार द्रव काठोकाठ भरावा, गाडी हाताने हळूच उजवीकडे सरकवून कॅपवर आणावी आणि प्लग न लावता चार-पाच तास, पिगमेंट शाई असल्यास रात्रभर, तशीच ठेवावी. सकाळी प्लग लावून एक क्लीनिंग आणि एक नोझल चेक घ्यावा. कॅपमध्ये सगळे रंग मिसळलेले असल्याने सुरुवातीच्या पानांवर पिवळा रंग हिरवट येतो; घाबरू नये, चार-दोन रंगीत पाने छापली की तो शुद्ध होतो. थोडी सुधारणा दिसली, तर आणखी एकदा भिजवणे सार्थ आहे.

इंजेक्शनच्या सिरिंजने नोझलमध्ये द्रव दाबून भरण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. तिची शिफारस मी करत नाही. एपसनच्या हेडमध्ये विजेचा दाब मिळताच वाकणारे पिझो घटक आणि त्यांना लागून अतिशय पातळ पडदा असतो; अंगठ्याचा जोर त्याला फाडू शकतो. शिवाय द्रव वरच्या केबलच्या जोडापर्यंत झिरपला आणि तशातच प्लग लावला, तर हेडबरोबर मुख्य बोर्डही जातो. चोंदलेले हेड सुटण्याची आशा असते, जळलेल्या बोर्डाची नसते.

पाणी कोणते, द्रव कोणता

नळाचे किंवा बोअरचे पाणी हेडला लावू नये. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड आहे, आणि बादलीवर जो पांढरा थर धरतो तोच नोझलमध्ये धरेल. घरच्या शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यातही काही क्षार शिल्लक असतातच. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात बॅटरीत भरण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी चालते. मात्र बाटलीवरील नाव नीट वाचावे, कारण त्याच फळीवर बॅटरीचे ॲसिडही ठेवलेले असते. पाणी कोमट चालेल, उकळते नको. नेलपॉलिश रिमूव्हर आतील चिकटवलेले सांधे सोडवतो, तेव्हा तो पूर्ण वर्ज्य. सर्जिकल स्पिरिट अनेक जण सुचवतात, परंतु काही पिगमेंट शाया अल्कोहोलने विरघळण्याऐवजी गोठतात, त्यामुळे शाईचा प्रकार ठाऊक नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये. टाचणीने छिद्र मोकळे करण्याचा विचार तर मनातही आणू नये, कारण टाचणीचे टोक छिद्राहून कितीतरी मोठे असते.

परत येऊ नये म्हणून

आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले छोटेसे चित्र छापावे. निव्वळ काळा मजकूर छापून रंगांचे नोझल ओले राहत नाहीत. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा, दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करावे. घरगुती टँक प्रिंटरला छपाईच्या वेळीही साधारण १० ते २० वॅट एवढीच वीज लागते, त्यामुळे तो संगणकाच्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर निश्चिंतपणे जोडता येतो. लेझर प्रिंटरला ही सूट नाही. पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत, खिडकी आणि कूलरचा थेट झोत या जागा टाळाव्यात. माग जवळ असेल तर प्रिंटरवर धुतलेल्या सुती कापडाचे आच्छादन घालावे, मागचा कागदाचा ट्रे वापर नसताना बंद ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी कॅप व वायपर पुसावेत. सुट्या शाईच्या बाबतीत स्वस्ताईपेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकाच टाकीत मिसळल्यास त्यांचा नळीतच साका बनू शकतो.

दोनदा भिजवून, कॅप निर्दोष असूनही नोझल चेकमधील तीच जागा रिकामी राहत असेल, किंवा छपाईत एखादा रंग अखंड सांडत असेल, तर दोष बहुधा विद्युत स्वरूपाचा आहे आणि घरगुती उपाय तेथे संपतात. हेडच्या किमतीची नव्या प्रिंटरच्या किमतीशी तुलना करूनच दुरुस्तीला द्यावे. ज्या घरात महिन्याकाठी दोन-चार पानेच आणि तीही काळी-पांढरी छापली जातात, त्यांनी या निमित्ताने लेझरकडे वळावे हे उत्तम. त्याचा टोनर मुळात कोरडी भुकटी असल्याने वाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मे महिन्यात गावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी टाक्या खालच्या खुणेच्या बऱ्याच वर आहेत हे पाहावे, कॅपची कडा पुसावी, एक रंगीत पान छापून प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करावा आणि तो घरातील त्यातल्या त्यात थंड खोलीत, आडवा न करता ठेवावा. परतल्यावर थेट मोठे काम छापण्यास न लावता आधी नोझल चेक घ्यावा. रेघा तुटलेल्या दिसल्या तर एकच क्लीनिंग करून रात्रभर थांबावे. महिनाभर बंद असलेला प्रिंटर पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या नोझल चेकला पूर्ण रेघा देतो.